बर्फाचा मास्तर

अखेर मी पकडला गेलो. तसं काही झालेलं नाही. आपण विमानतळापासून सुरुवात करू.

एप्रिल २०१७, मस्कत, अडतीस डिग्री. बाहेर येणाऱ्यांच्या दारातून माझे बाबा आले ते हाफ स्वेटर, त्यावर फुल स्वेटर आणि डोक्याला कानटोपी घालून. देवरुखचे निवृत्त एसटी कंडक्टर, पहिलाच विमानप्रवास. लोक बघायला लागले. मीही थोडा वेळ त्या लोकांत उभा राहून, ओळख नसल्यासारखं बघून घेतलं.

ती कानटोपी माझीच करणी. तीन वर्षांपूर्वी नोकरी लागली तेव्हा मी घरी फोनवर खरं तेच सांगितलं होतं: शून्य डिग्रीत काम आहे. मवालेहच्या फळबाजारात, कोल्ड स्टोरेजमध्ये खोके उचलायचे; तिथे शून्यच असतं. पण आई म्हणाली, आखातात शून्य म्हणजे डोंगरावर असणार. मी 'हो' म्हणालो. एका अक्षराचं खोटं, कुणाच्या पायातही येऊ नये एवढं. मग डोंगरावर काय असतं, तर बर्फ. बर्फावर लोक काय करतात, तर घसरतात. त्यांना घसरायला कोण शिकवतं, तर मी. पुरावा म्हणून जॅकेट घातलेला, तोंडातून वाफ निघणारा एक फोटोही पाठवला. गावच्या शाळेने गॅदरिंगला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं, तेव्हा यंदा बर्फ फार पडलाय असं कळवून सुटलो.

आता बाबा तो बर्फ बघायला आले होते. मला त्रास नको म्हणून त्यांनी शेजारच्या मुलीला सांगून, विमानतळावरून जबल अख्दर डोंगरावरच्या रिसॉर्टांना जाणाऱ्या शटलमध्ये आम्हा दोघांच्या जागा परस्पर बुक केल्या होत्या. वर पोचायला सव्वादोन तास. तेवढ्यात त्यांना खरं सांगायचं, एवढंच माझं काम होतं.

शटल चालवणारा तौहीद हर्णैचा, माझ्याच खोलीत राहणारा. त्याला सगळं माहीत. बाबांची बॅग चढवताना तो म्हणाला, "काका, तुमचा मुलगा मोठा मास्तर हां. आम्हाला रोज घसरवतो." मग माझ्या कानाशी, "घाट लागायच्या आत सांगून टाक. घाटात मला हसता यायचं नाही."

निघाल्यावर दहा मिनिटांत गाडी मवालेहच्या बाजारासमोरून गेली. मी बाबांना पलीकडच्या खिडकीतून बघायला लावलं. तिकडे काहीच नव्हतं, म्हणून म्हणालो, हे वाळवंट. बाबांनी ते आदराने पाहिलं.

मागच्या सीटवर ऑस्ट्रियाचं एक वयस्कर जोडपं होतं. बाबांनी त्यांना इंग्रजीत माझी ओळख करून दिली: माय सन, स्नो टीचर. बाईंना फार आनंद झाला. त्यांचं अर्धं आयुष्य स्कीवर गेलेलं. त्यांनी उताराची लांबी विचारली. मी कोल्ड स्टोरेजची सांगितली, चाळीस मीटर. फारच कमी, त्या म्हणाल्या. मी म्हणालो, नवशिक्यांसाठी आहे. एप्रिलातही बर्फ असतो का? मी म्हणालो, इन्शाल्ला. त्यावर बाई नवऱ्याशी जर्मनमध्ये थोडंसं बोलल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघणं थांबवलं. बाबा मात्र अभिमानाने एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मला चालत्या गाडीतून उतरावंसं वाटलं, पण दाराशी बाबा बसले होते. जुनी सवय.

वाटेतलं इझकी गाव गेलं. मी "बाबा" म्हणालो. ते "हं" म्हणाले. मी पाणी हवं का विचारलं.

घाटाच्या तोंडाशी पोलिसांची चौकी आहे. गाडीची चारही चाकं ओढतात का, एवढंच ते बघतात. मी कशावर चाललोय ते कुणी विचारलं नाही. तौहीदने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि पहिला गिअर टाकला. घाटात माझे कान बंद झाले. बरं वाटलं.

वर पोचलो तेव्हा बावीस डिग्री होती. रिसॉर्टच्या कठड्यापलीकडे डोंगरच डोंगर, तपकिरी, कोरडे, शेंड्यापर्यंत उघडे. खाली पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात गुलाब फुलले होते. बाबा कठड्याशी गेले. एकेक डोंगर नीट बघितला, जणू कुठेतरी थोडा ठेवलेला असेल. तौहीद टायर तपासायला लागला. टायरला काही झालेलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणालो, "बर्फ..."

"एप्रिल आहे," बाबा म्हणाले. "वितळला असेल."

ऑस्ट्रियाच्या बाई शेजारीच उभ्या होत्या. बाबा त्यांच्याकडे वळले आणि तेच इंग्रजीत सांगितलं, नीट, त्यांना ऐकू जाईल असं. स्नो मेल्टेड. बाईंनी मान हलवली. त्या क्षणी त्या हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग बाबांनी फुल स्वेटर काढून माझ्या हातात दिला. रिसॉर्टच्या लाँड्रीची एक पांढरी भिंत होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा घाल आणि तिथे उभा राहा. गावात दाखवायला पाहिजे."

मी घातला. आतून अजून गरम होता. बाबांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला, पुन्हा खाली केला.

"जरा डावीकडे सरक," ते म्हणाले. "त्या वाफेच्या फोटोत मागे सफरचंदांचे खोके आले होते."

म्हणजे तीन वर्षं. तीन वर्षं त्यांना माहीत होतं, आणि तीन वर्षं ते एसटी स्टँडवर, दुकानात, शाळेत लोकांना माझा बर्फ सांगत होते. मी डावीकडे सरकलो. फोटो असल्यामुळे हसलोही.

त्या दिवसापासून हा अर्ज माझ्याकडे लिहून तयार आहे. कुठल्या खिडकीवर द्यायचा ते कळलेलं नाही.

प्रति, ज्यांच्या अखत्यारीत हे येत असेल ते माननीय अधिकारी. विषय: वडील पूर्ववत करून मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराचे वडील श्री. रमण यांनी एकोणतीस वर्षांच्या सेवेत सख्ख्या मेव्हण्यालाही विनातिकीट म्हणून भर पावसात गाडीतून खाली उतरवले आहे. सदर इसम दि. १४ एप्रिल २०१७ रोजी दुपारी सव्वाबारा वाजता, अर्जदारापायी, दोन भाषांत खोटे बोलले. तरी त्यांना त्याच दिवशीच्या बारा वाजून चौदा मिनिटांच्या स्थितीत परत आणून मिळावे, ही नम्र विनंती. मिळालेल्या एका मिनिटात खरे बोलण्याची हमी अर्जदार देत आहे.