नाला नितळ होता तेव्हा

सुरतेतल्या पांडेसऱ्यातली माणसं तारखा विसरत, पण रंग विसरत नसत. कापड रंगवायच्या मिलमागून एक नाला वाहायचा आणि मिलमध्ये त्या दिवशी जो रंग शिजत असेल तो त्याच्या पाण्यात उतरायचा. त्यामुळे कुणाची सायकल हरवली ती नाला हळदी होता तेव्हा, आणि कुणाला मुलगी झाली ती मोरपंखी पाण्याच्या दिवशी. पंचांग भिंतीवर टांगलेलं असे, पण बायका दारातून एकदा नाल्याकडे बघत आणि मग बोलत.

मालतीबाईंना या हिशोबाचं हसू येई. तीस वर्षं त्यांनी तिथल्या मराठी शाळेत शिकवलं होतं. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी दुपारी त्यांच्या ओट्यावर वस्तीतली दहा-बारा मुलं पाट्या-वह्या घेऊन बसतच. अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरातल्या अशाच एका सौम्य उन्हाच्या दुपारी बन्सीलालशेठ ओट्याशी येऊन उभे राहिले. 'उजास सफाई सेवा' नावाची त्यांची कंपनी पांडेसऱ्यातला कचरा उचलायची.

"मालतीबेन, एक काम छे," शेठ म्हणाले. "जानेवारीत कंपनीला पांच वरस पूर्ण. एक चोपडी काढायची, कंपनीचा इतिहास. गुजराती लिहून झाला. माझे अर्धे माणस तमारा खानदेशना. त्यांच्यासाठी मराठीत तमे लखो."

"लिहीन," बाई म्हणाल्या, "पण खरं असेल तेच."

"अरे, खरंच आहे ने! पुरावा पण आणला." त्यांनी एक पाकीट पुढे केलं.

पाकिटात वर्तमानपत्रांची कात्रणं होती आणि एक रंगीत फोटो. पुलावर कंपनीचा पिवळा ट्रक उभा, बोनेटवर झेंडूचा हार, शेजारी ड्रायव्हर लोटू हात जोडून. पुलाखाली नाला, नेहमीसारखाच भडक. फोटोच्या पाठीवर निळ्या शाईत लिहिलेलं: २५-९-९४.

ती तारीख वाचताच बाईंना ते दिवस आठवले. चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि शहर रिकामं होऊ लागलं. बाईही धाकट्या भावाबरोबर अमळनेरला गेल्या होत्या. स्टेशनात शिरताना त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"सगळे पळत होते," शेठ म्हणाले, "तेव्हा तिसऱ्या दिवशी माझी गाडी इथे उभी. हे पहिल्या पानावर."

आठवडाभर बाई लिहीत बसल्या. काम सोपं वाटलं. कात्रणं होती, फोटो होता. लिहिता लिहिता डोळा लागे आणि पिवळा ट्रक रिकाम्या रस्त्यांवरून आवाज न करता येताना दिसे, जसा जत्रेत रथ येतो तसा. त्यांना तो ट्रक आवडू लागला. आपण नव्हतो, पण कुणीतरी आलं होतं, हे बरं वाटे.

पहिलं पान झालं तेव्हा त्यांनी ते ओट्यावर मुलांना वाचून दाखवलं. 'तिसऱ्याच दिवशी उजासची गाडी पांडेसऱ्यात आली आणि वस्तीतला कचरा उचलला गेला.'

मागे बसलेली आठवीतली विशाखा उठून उभी राहिली.

"बाई, ते तसं नव्हतं."

"कसं होतं?"

"कचरा आईने उचलला. ती आणि बाकीच्या बायका. गाडी नंतर आली."

"तू तेव्हा किती होतीस? नऊ-दहा वर्षांची. हा फोटो बघ, मागे तारीख आहे."

विशाखाने फोटो हातात घेतला, उलटला, परत सुलटा केला. "तुम्हीच शिकवलंत, बाई. काही ऐकलं की तीन प्रश्न विचारायचे. कोण सांगतंय? त्याने स्वतः पाहिलं का? दुसरं कुणी तेच सांगतं का? मग फोटोला विचारलेत?"

मुलं खुदकन हसली. बाईही हसल्या, पण रात्रीच्या जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विशाखाची आई, चंद्रभागा, स्वतःच आली. आता ती उजासमध्येच झाडूवाली होती, कंपनीची खाकी साडी अंगावर. ओट्यावर न बसता ती खांबाला टेकून उभी राहिली.

"बाई, पोरगी सांगत होती. पुस्तकात गाडीचं लिवलं म्हणे."

"बस ना, चंद्रभागा."

"बसत न्हाई, हजेरी हाय. एकच सांगते. ज्यांना जायला गाव व्हतं ते गेले. आमाला भुसावळला कोण ठेवणार व्हतं? मी, सुंदरा, आणखी सात जणी राह्यलो. तोंडाला पदर बांधला, घमेली घेतली, चुना टाकला. गल्ली गल्ली झाडून ढीग पुलापाशी लावला. महिनाभर, बाई! मग कुठं गाडी आली."

"महिनाभर?"

"मले तर महिनाच वाटला." जायला वळता वळता ती म्हणाली, "तुमी शिकलेल्या. तुमी लिवाल ते खरं. पण उद्या ती चोपडी माझी पोरगी वाचल, अन् म्हनंल, आई खोटं बोलत व्हती. तेवढं नको."

एवढं बोलून ती गेली. बाईंनी लिहिलेलं पान पुन्हा वाचलं. शेठ खोटं बोलणारा माणूस नव्हता. चंद्रभागाही नव्हती. आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं.

दुपारी विशाखा एक जुनी चित्रकलेची वही घेऊन आली. "आईने पेटीत जपून ठेवलीय," म्हणाली.

बाईंनी पान उलटलं. मथळा त्यांच्याच सांगण्यावरून लिहिलेला होता: 'सुट्टीत पाहिलेले दृश्य.' प्लेगनंतर शाळा उघडली तेव्हा त्यांनीच चौथीच्या वर्गाला हे काढायला दिलं होतं. चित्रात पूल होता, डोक्यावर घमेलं घेतलेल्या नऊ बायका ओळीने चाललेल्या. पुलाखाली नाला होता, पण त्याला रंगच दिलेला नव्हता. कागद तसाच पांढरा, आणि त्यात पेन्सिलीने काढलेले गोल गोल दगड, एक फुटकं मडकं आणि एक चप्पल.

खाली लाल शाईत, बाईंच्या वळणदार अक्षरात: 'नाल्याला रंग नाही. चित्र अपुरे. पाहिलेले काढावे, मनातले नाही. ४/१०.'

"मी तेव्हा सांगितलं होतं," विशाखा हळूच म्हणाली. "पाणी असंच होतं. तळ दिसायचा. तुम्ही म्हणालात, खाली बस."

बाईंना तो प्रसंग आठवला नाही. अशा किती मुलांना खाली बसवलं असेल! पण अक्षर आपलं होतं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. पांढरा नाला तसाच होता.

तळ दिसायचा. पांडेसऱ्यात तीस वर्षांत त्यांनी नाल्याचा तळ कधी पाहिला नव्हता. कधी दिसेल? मिल बंद असेल तेव्हाच.

त्यांनी शेठचा फोटो ओढून घेतला. इतके दिवस त्यांनी ट्रक पाहिला होता, हार पाहिला होता. आता त्यांनी पुलाखाली पाहिलं. पाणी राणी रंगाचं होतं, लग्नातल्या शालूसारखं गडद.

चप्पल अडकवून त्या तशाच मिलच्या फाटकाशी गेल्या. तिथे गोपाल रंग शिजवणारा कलर मास्टर होता, शिरपूरकडचा, बाईंचा एके काळचा विद्यार्थी. त्याची नखं कायम कुठल्या तरी रंगाची असायची. आज ती जांभळी होती.

"या बाई, बठा! आज कोनाले मार द्यायले आलात?"

"स्वतःलाच, बहुतेक. गोपाल, प्लेगच्या वेळी मिल कधी बंद होती ते कुठे लिहिलेलं असतं का?"

"लिहिलेलं कशाला, चिकटवलेलं आहे!" त्याने कपाटातून एक जाडजूड रजिस्टर ओढलं. प्रत्येक पानावर कापडाचे बोटभर तुकडे डकवलेले, प्रत्येकाखाली तारीख. मिलमधून निघालेल्या प्रत्येक लॉटचा एक तुकडा. बाई पानं उलटत गेल्या तसे जुने दिवस एकेक करून बोटांखालून सरकू लागले: केशरी, तपकिरी, आमसुली. कापडाला अजून रंगाचा उग्र वास होता. मग एका पानावर बावीस सप्टेंबरचा काळा तुकडा आला, आणि त्याखाली कोरा कागद.

"तेवीसला बॉयलर विझला," गोपाल म्हणाला. "मानसंच नव्हती. मीबी गावले पळालो, कशाला खोटं बोलू?"

"मीही."

कोऱ्या जागेनंतर पहिला तुकडा राणी रंगाचा होता. खाली तारीख होती चार ऑक्टोबर. पाच तारखेचा तुकडा बाटलीसारखा हिरवा.

"राणी पुन्हा कधी?"

"डायरेक्ट दिवाळीनंतर. का हो, बाई?"

पंचवीसला मिल बंद, म्हणजे नाला नितळ; राणी पाण्यावरचा तो फोटो चार तारखेचाच, बाईंच्या लक्षात आलं. त्या बोटांवर मोजत होत्या. तेवीस ते तीन. अकरा दिवस.

परतीच्या वाटेवर लोटू ट्रकमध्ये डबा खात बसलेला दिसला. फोटो पाहून तो ओळखीचं हसला. "तारीख? ती ऑफिसातल्या पोराने मागाहून टाकली असेल. मला काय लिहिता येतं? पण बाई, हेही लिहा. मी आलो तेव्हा ढीग तयार होता, पुलापाशी, वर चुना मारलेला. या बाया बाजूला उभ्या. मी एकटा, ढिगाला हात लावायची भीती वाटत होती. चंद्रभागाबाईने पहिलं घमेलं उचलून दिलं. अन् त्या दिवसापासून एक दिवस गाडी चुकली नाही. चार वर्षं. सणाला पण नाही."

"तेही लिहीन, लोटू."

संध्याकाळी चंद्रभागा कामावरून परतताना बाईंनी तिला ओट्यावर बसवलंच. "महिना नव्हता, चंद्रभागा. अकरा दिवस होते."

तिचा चेहरा पडला. "म्हंजे मी खोटी?"

"नाही. तू आधी होतीस हे पक्कं आहे. तुझ्या पोरीची वही सांगते, मिलचं रजिस्टर सांगतं, शेठचा फोटोही तेच सांगतो. फक्त दिवस अकरा. तेवढं मला बदलू दे."

चंद्रभागाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "अकरा तर अकरा. पण लई लांब व्हते, बाई."

बाईंनी ते वाक्य तिथल्या तिथे कागदावर घेतलं.

बन्सीलालशेठनी नवं पान वाचलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. 'कंपनीची गाडी चार ऑक्टोबरला आली. त्याआधी अकरा दिवस वस्तीतल्या नऊ बायकांनी कचरा वाहिला. त्यांची नावे पुढीलप्रमाणे. करणारीला ते दिवस महिन्याएवढे लांब वाटले. गाडी आली त्या दिवसापासून एकदाही चुकली नाही.'

"बेन, हे तो माझीच चोपडी, अने माझीच पोल!"

"शेठ, गाडी चार वर्षांत एकदाही चुकली नाही, हे कुणी मानलं नसतं. तारीख खोटी निघाली असती तर तेही खोटं ठरलं असतं. आता मानतील. नको असेल तर माझी सगळी पानं परत द्या."

शेठनी फोटो उचलून उजेडात धरला. पुलाखालचं राणी पाणी त्यांनीही बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. "या बायांपैकी किती माझ्याकडे आहेत?"

"सहा."

"मने कोणी कह्युं नहीं," ते पुटपुटले. मग फोटो पाकिटात न ठेवता त्यांनी पानावर ठेवला. "आ पण छापो. तारीख बदलून. गाडी तर माझीच छे ने?"

"तुमचीच."

राहिलं होतं ते विशाखाचं चित्र; तेही पुस्तकात जाणार होतं. छापखान्यात द्यायच्या आधी बाईंनी वही ओट्यावर उघडली आणि खोडरबर काढलं. लाल शाई रबराने निघत नाही हे त्यांना माहीत होतं, तरी हात गेला.

"नका ना, बाई," विशाखा म्हणाली. "तुम्हीच सांगता, चुकलं तर खोडायचं नाही. बाजूला लिहायचं."

म्हणून बाईंनी बाजूला लिहिलं. 'हे चित्र बरोबर आहे. नाला नितळ होता. शिक्षिका त्या दिवसांत सुरतेत नव्हत्या.' खाली सही केली आणि तारीख घातली.

मग त्या दोघी पुलावर गेल्या. हिवाळी ऊन कलत होतं, नाला आज पोपटी होता आणि वरून कापसाचे बारीक तंतू तरंगत चालले होते. बाई कठड्यावरून वाकून बघत राहिल्या.

"मडकं कुठे होतं गं?"

विशाखाने बोट दाखवलं. "तिथे. त्या खांबाच्या जरा अलीकडे. आणि चप्पल त्याच्या पलीकडे, डाव्या पायाची."

बाई त्या पोपटी पाण्यात टक लावून बघत होत्या, आणि हळूहळू, अगदी हळूहळू, त्यांना दगड दिसू लागले.