हरला तरच सही

व्हर्लीन टॅकेटच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन फोटो शेजारी शेजारी होते. एक गव्हर्नरसाहेबांचा, एक तिच्या मुलीचा. दोघंही हसत होते. गव्हर्नरचा चार वर्षांपूर्वीचा, मुलीचा एकवीस वर्षांपूर्वीचा. या दोन चौकटींच्या मध्ये तुझं सगळं आयुष्य अडकलंय गं, असं कुणी तिला म्हणालं असतं, तर ‘आधी त्या बशा विसळ’ म्हणून तिने त्याला कामाला लावलं असतं. व्हर्लीन त्र्याहत्तर वर्षांची होती आणि असल्या बोलण्याला तिच्याकडे वेळ नव्हता.

वेंडल क्रॉफ्ट पहिल्यांदा गव्हर्नरपदाला उभा राहिला, तेव्हा मतं मागत थेट या डोंगरात, त्यांच्या चर्चच्या तळघरात माशांच्या जेवणाला आला होता. कागदी ताटलीत तळलेला मासा, मक्याचा पाव आणि शेवटी व्हर्लीनचा सुक्या सफरचंदांचा सात थरांचा केक. केकचे दोन तुकडे त्याने तिथेच खाल्ले, तिसरा रुमालात बांधून घेतला, आणि निघताना तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, माझ्याजोगं काही असलं तर हक्काने सांगा. असं सगळेच म्हणतात. सांगायचं नसतं, एवढी रीत लोकांना कळते. व्हर्लीनलाही कळत होती. तरी तिने सांगितलं.

तिची डेना तेवीस वर्षांची असताना एका संध्याकाळी तिचा मित्र तिला म्हणाला, गाडी चालू ठेव, मी आलोच. डेना औषधांच्या दुकानाबाहेर स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसली. आत त्याने दुकानदाराला गोळी घातली. त्याच्या खिशात पिस्तूल आहे हे डेनाला ठाऊक नव्हतं, पण कायद्याच्या लेखी गोळी दोघांनी मिळून घातली होती. दोघांनाही जन्मठेप झाली. तो आत मरून गेला. डेना आता चव्वेचाळीस वर्षांची होती आणि तुरुंगाच्या शिवणखान्यात दुसऱ्या कैदी बायकांचे गणवेश शिवत होती.

बाहेर यायची वाट एकच उरली होती: गव्हर्नरची सही. शिक्षा माफ करणं त्याच्या एकट्याच्या हातात. अर्ज तीन वर्षं राजधानीत पडून होता. त्याला तुरुंगातल्या पाद्रीबाईंचं पत्र जोडलं होतं, आणि त्या दुकानदाराच्या विधवेचंही. तिने तीनच ओळी लिहिल्या होत्या: मुलगी घरी गेली तर माझी हरकत नाही. ते पत्र आलं त्या दिवशी व्हर्लीन पायरीवर बसून खूप वेळ उठलीच नव्हती. क्रॉफ्टच्या कचेरीतून मात्र ना हो, ना नाही. फोन केला की एकच उत्तर, साहेबांच्या लक्षात आहे.

आता साहेब दुसऱ्यांदा उभे होते, आणि या वेळी लढत अटीतटीची होती.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी वकिलीणबाईंचा फोन आला. मिस पेल्हम म्हणजे तिशीची पोर, गरिबांचे खटले फुकट चालवणारी. एरवी ती सरळ मुद्द्यावर यायची. आज आधी हवापाणी विचारलं, गुडघा विचारला, हृदयाच्या झडपेबद्दल डॉक्टर काय म्हणाले तेही विचारलं. व्हर्लीन म्हणाली, डॉक्टर म्हणतात पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आत्तापासून घेऊन ठेवू नका. बोल आता.

“मिस व्हर्लीन, राजधानीत माझी एक मैत्रीण आहे. त्यांनी अर्जांचे दोन गठ्ठे केलेत म्हणे. डेनाचा अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यात आहे.”

“दुसरा म्हणजे कसला?”

“हरला तरच, खुर्ची सोडायच्या आधी, सह्या करायच्या त्यांचा. खुर्ची सोडताना सगळेच करतात, तुम्हाला माहितीय. जिंकला तर त्याला पुढे सिनेटला उभं राहायचंय. मग खुनाच्या खटल्यातल्या बाईला सोडलं असं कुणी दाखवलेलं त्याला चालणार नाही.”

व्हर्लीन खिडकीतल्या गव्हर्नरच्या फोटोकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, माणूस चांगला आहे ना पण?

“चांगला आहे हो,” मिस पेल्हम म्हणाली. “गमवायला काही उरलं नाही की फार चांगला आहे.”

फोन ठेवल्यावर व्हर्लीनने ओटा पुसला, मग पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. चाळीस वर्षं मतदानाच्या दिवशी चर्चची व्हॅन तीच चालवत आली होती. ज्यांच्याकडे गाडी नाही, ज्यांचे डोळे गेले, पाय गेले, अशांना घरून उचलायचं, केंद्रावर न्यायचं, परत सोडायचं. त्यांची नावं तिच्या पाककृतींच्या डब्यात, पाककृतींच्याच कार्डांवर लिहिलेली होती. या वर्षी एक्केचाळीस. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मतं क्रॉफ्टची. त्याने या भागातलं छोटं इस्पितळ बंद होऊ दिलं नव्हतं, आणि समोरचा उमेदवार भाषणात सांगत फिरत होता की असली इस्पितळं म्हणजे सरकारला फुकटचा भुर्दंड.

रविवारी डेनाचा फोन आला. तुरुंगातून फोन आला की आधी एक यंत्रातली बाई सांगते की हे बोलणं ध्वनिमुद्रित होत आहे, आणि पंधरा मिनिटांनी तोडते. व्हर्लीनला त्या बाईचा आवाज स्वतःच्या बहिणीपेक्षा जास्त पाठ झाला होता. डेना खुशीत होती. शिवणखान्यातल्या सगळ्याजणी क्रॉफ्टसाठी देव पाण्यात घालून बसल्यात म्हणाली. आम्हाला मत नाही म्हणून काय झालं, पहाऱ्यावरच्या दोघींचं मत तरी मी फिरवलंय.

“निवडणूक आहे म्हणून घाबरतोय बिचारा,” डेना म्हणाली. “एकदा जिंकू दे, आई. मग करतो की नाही बघ.”

व्हर्लीनने विचारलं, तिकडे थंडी पडलीय का.

सोमवारी दुपारी ती चर्चच्या अंगणात गेली. नवरा मोटारदुरुस्तीवाला होता, जाताना तिला एक पेटीभर पाने आणि तेवढीच अक्कल ठेवून गेला होता. तिने व्हॅनचं तोंड उघडलं, बॅटरीची एक तार सैल केली, अलगद बाजूला काढून ठेवली. दोन मिनिटांचं काम. उद्या म्हणायचं, गाडी सुरूच होत नाही. म्हातारी गाडी, म्हातारी बाई, कुणाला संशय यायचं कारण नाही. चर्चकडे मात्र तिने पाहिलं नाही.

मंगळवारी सकाळी सातला क्लीट यांचा फोन आला. क्लीट शहाऐंशी वर्षांचे, डेनाला शाळेत नेणारी बस त्यांनीच चालवली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांचं रक्त त्या छोट्या इस्पितळातल्या यंत्रावर शुद्ध होई. व्हर्लीनला ते अजून पोरी म्हणत.

“पोरी, मी सहापासून टाय घालून बसलोय. तू येणार आहेस की मी चालत निघू?”

“चालत कुठे निघताय? दाराच्या पायरीपर्यंत जाताना दोनदा बसता तुम्ही.”

“म्हणून तर लवकर निघेन म्हणतो.”

तिच्या तोंडात वाक्य तयार होतं, गाडी सुरूच होत नाही. रात्रभर तिने ते घोकलं होतं. ते बाहेर आलं नाही. एवढंच आलं की, दहा मिनिटं द्या, आणि पायरीवर थंडीत उभे राहू नका.

दहाची वीस झाली, कारण पाना दोनदा सटकून खाली पडला. शेवटी तार बसली. व्हॅन खोकून सुरू झाली.

क्लीट यांच्या टायवर शिवलेला एक हिरवा मासा होता. चौथीत असताना डेनाने शाळेच्या शिवणवर्गात तो शिवला होता आणि बसवाल्या काकांना नाताळात दिला होता. माशाचा डोळा म्हणून लावलेलं बटण अजून जागेवर होतं. टायची गाठ मात्र कानाखाली गेली होती. व्हर्लीनने व्हॅनच्या दारात उभं राहून ती सोडली आणि नीट बांधून दिली. क्लीट मान वर करून पोरासारखे उभे राहिले. आमची डेना आली की नवा शिवून घेणार आहे, म्हणाले. आज त्याला निवडून देऊ, मग काय, सही होतेच. व्हर्लीन म्हणाली, पट्टा लावा.

दिवसभरात सहा फेऱ्या झाल्या. कुणी डबा आणला, कुणी दात विसरलं म्हणून परत जावं लागलं. एक्केचाळिसावी व्यक्ती तीन वाजता उतरली. मग व्हर्लीन स्वतः केंद्रात गेली.

टेबलाशी ओपल बसली होती, तिची लहानपणची मैत्रीण, वही पुढे ओढत. सही कर गं, म्हणाली, आणि ढोंग करत पडद्याआड जाऊ नकोस. तुझं मत तुझ्या तोंडावर छापलेलं असतं.

व्हर्लीन पडद्याआड गेली. कागदावर पहिलंच नाव वेंडल क्रॉफ्टचं होतं. त्याच्याखाली दुसरं. तिने बराच वेळ पेन तसंच धरलं. मग दुसऱ्या नावापुढचा पोकळ लंबगोल शाळकरी मुलीच्या काळजीने, कडेबाहेर न जाऊ देता, काळा केला. यंत्राने कागद गिळला. ओपलने तिच्या स्वेटरवर मत दिल्याचं स्टिकर लावलं आणि वरून एक थाप मारली.

क्रॉफ्ट जिंकला. फार नाही, पण जिंकला. डोंगराकडचे जिल्हे त्याच्यामागे उभे राहिले म्हणून तरला, असं टीव्हीवर कोटवाले लोक बोटांनी नकाशावर दाखवत होते. क्लीट यांनी फोन करून तिचं अभिनंदन केलं.

बुधवारी दुपारी गव्हर्नरसाहेबांचाही फोन आला. चांगला माणूस, आभार मानायला स्वतः फोन करायचा. मिस व्हर्लीन, म्हणाला, तुमच्या माणसांनी मला वाचवलं, आणि तो केक मी अजून विसरलेलो नाही.

“आणि माझी डेना?” व्हर्लीनने विचारलं.

तो म्हणाला, लक्षात आहे. आवाजावरून वाटलं, खरंच असावं लक्षात. मागून कुणीतरी त्याला हाक मारली.

गुरुवारी फोनवर यंत्रातल्या बाईनंतर डेना आली, आणि आली ती हसतच. आई, जिंकला! आता किती दिवस लागतील, नाताळापर्यंत होईल का, माझ्या खोलीत शिवणाचं मशीन राहील का, का तू तिथे जुने डबे भरून ठेवलेस? व्हर्लीनने तिला बोलू दिलं. पाच मिनिटं, सहा मिनिटं. पुढच्या गुरुवारीही असंच बोलू देता येईल, असं एकदा तिच्या मनात आलं. मग तिने यंत्रातल्या बाईच्या देखत सगळं सांगितलं. दोन गठ्ठे. हरला तरच सही.

मागे तुरुंगातली कुठलीशी घंटा वाजत राहिली.

“तुला कधी कळलं?”

“शनिवारी.”

“मग रविवारी बोलली नाहीस ते.”

“नाही बोलले. मी त्याला मत दिलं नाही, डेना. जन्मात पहिल्यांदा.”

“आणि व्हॅन?”

“व्हॅन चालवली.”

“किती माणसं?”

“एक्केचाळीस.”

डेनाने का, असं विचारलं नाही. विचारलं असतं तर व्हर्लीनला काय सांगावं ते सुचलं नसतं. इस्पितळाचं सांगावं, तर ती आई होती, इस्पितळ नव्हती. शेवटी ती एवढंच म्हणाली, “क्लीटकाका टाय घालून सहापासून बसले होते गं.”

डेनाचा आवाज आला, जाडसर, ओला.

“कुठला टाय?”

“तू दिलेला. माशाचा.”

“बटण आहे अजून?”

“आहे.”

“आणि गाठ? त्यांना कधीच जमली नाही.”

“मी दिली बांधून.”

बरं केलंस, असं काहीतरी डेना पुटपुटली. यंत्रातली बाई मध्ये आली आणि म्हणाली, आपलं एक मिनिट उरलं आहे. ते दोघींनी बोलण्यात घालवलं नाही. व्हर्लीनने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला आणि तिकडचा श्वास ऐकत उभी राहिली, तोडेपर्यंत.