विहिरीच्या वहीतला दुसरा माणूस

आमच्या विद्यापीठात कोण किती पाण्यात आहे, हे कुलगुरूंपेक्षा मला जास्त ठाऊक. मोजायची सामायिक उपकरणं माझ्या ताब्यात असतात. भूगर्भवाले तराजू नेतात आणि मातीसकट परत आणतात. मानसशास्त्रवाले स्टॉपवॉच नेतात, ते चार फोन केल्यावर येतं. संगीतवाले आवाजाचा मीटर नेतात आणि तोच बेसूर आहे म्हणून माझ्याशी भांडतात. इतिहासवाले मात्र माझ्या दाराशी फिरकत नाहीत. आम्हाला डोळे आहेत की, म्हणतात.

त्यामुळे बुधवारी सकाळी इतिहासात संशोधन करणारी माझी भाची धापा टाकत आली, तेव्हा मी आधी तिचं कपाळ चाचपलं.

"आत्या, ताप नाहीये मला. अक्षर मोजायचंय. काय देशील?"

"आधी खुर्ची देते. बस आणि नीट सांग."

चार वर्षं ही पोरगी एका जुन्या वहीच्या मागे होती. एका गावाच्या मोठ्या विहिरीवर पाणी मोजायला माणूस नेमलेला असे. रोज सकाळी त्यानं रेघा मारलेली काठी विहिरीत सोडायची, वर ओढून ओल कुठवर आली ते बघायचं, आकडा लिहायचा आणि पुढे ओळभर शेरा. अशी एकोणीस वर्षांची एकशे नव्वद पानं. नोंदीखाली सही कुणाचीच नाही. भाचीचं म्हणणं, एकशे तेराव्या पानापासून दुसराच माणूस लिहितो. त्याच्या लगेच आधीच्या पानांवर अक्षर जाड, फताडं, ओळी तिरक्या. नंतरचं बारीक, रेखीव. सगळा प्रबंध या दुसऱ्या माणसावर उभा होता. गुरुवारी तीनला समितीची बैठक, आणि बाहेरच्या परीक्षकबाईंचा निरोप आला होता: डोळ्यांना दिसतं हा पुरावा नव्हे, आकडे आणा, नाहीतर नोंदणी रद्द.

"मग मी फोटोंवरून मोजलं," भाची म्हणाली. "एकशे नव्वद पानं, अक्षराची उंची सगळीकडे चार मिलिमीटर. दोन माणसं सोड, अर्धासुद्धा सापडत नाही. मेले मी, आत्या."

शेजारच्या खोलीतल्या संख्याशास्त्राच्या मास्तरांना मी हाक मारली. त्यांना सगळे 'सरासरी' म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि मिठाईचा खोका उघडावा तसा चेहरा केला.

"हे माणसानं लिहिलेलं नाही."

"अहो सर, वही मी स्वतः पाहिलीय!"

"वही पाहिलीस, मोजलंस काय? माणूस जेवायच्या आधी एक लिहितो आणि जेवल्यावर दुसरं. माझी सही मी रोज पन्नासदा करतो, दोन सारख्या दाखव, नोकरी सोडतो. फोटो कोणी काढले?"

आम्ही तिघं फोटो विभागात धडकलो. फोटोवाला खुशीत होता. "प्रत्येक पानाची अक्षरं एका मापात बसवून दिलीत मॅडमना. वाचायला त्रास नको!"

"आणि शेजारी मोजपट्टी ठेवली होती ना?" मी विचारलं.

"कापली की. पानाची शोभा जात होती."

सरासरींना तिथल्या स्टुलावर बसावं लागलं.

मूळ वही जुन्या कागदांच्या विभागात, दोन ते पाच या वेळेत, हातमोजे घालूनच मिळते. मी आत बारीक मापं कोरलेलं भिंग नेलं. दर चौथं पान, प्रत्येक पानावर वीस अक्षरं. भाची भिंगातून बघून आकडा सांगायची, मी लिहायची, सरासरी आलेखाच्या कागदावर ठिपका द्यायचे. पहिल्या पानांवर तीन मिलिमीटर. मग सव्वातीन. मग साडेतीन.

"वर चाललंय," सरासरी पुटपुटले.

"काय?"

"तू सांगत राहा गं!"

चार. सव्वाचार. एकशे नऊवर जवळजवळ पाच. मग एकशे तेरा.

"तीन," भाची म्हणाली. तिनं पुन्हा पाहिलं. "तीनच."

आम्ही तिघंही ठिपक्यांकडे बघत राहिलो. दोन माणसं असती तर दोन सपाट पायऱ्या दिसायला हव्या होत्या. इथे हळूहळू चढत गेलेला चढ होता, मग धाडकन कडा, आणि खाली उतरलेला माणूस थेट पहिल्या पानाच्या मापात.

"तुझा दुसरा माणूस पहिल्याची नक्कल मारतोय," सरासरी म्हणाले. "थांब, पाण्याचे आकडे वाच. फक्त शेवटचा अंक."

सुरुवातीच्या वर्षांत शून्यापासून नऊपर्यंत सगळे अंक साधारण सारख्याच वेळा आले. पुढे शून्य आणि पाच वाढत गेले. एकशे बाराव्या पानावर जवळजवळ दुसरं काही नाही. एकशे तेरावर पुन्हा सगळे हजर! एव्हाना आम्ही इतक्या मोठ्यानं बोलत होतो की तिथल्या बाईंनी दोनदा टेबल वाजवलं.

शेरे भाचीनं रात्रीच भाषा विभागाला पाठवले होते. गुरुवारी सकाळी आम्ही तिघं माझ्या खोलीत जमलो, तेव्हा भाषा विभागाचा निकाल आला. तिथल्या एक ताई माणसाचे सवयीचे शब्द मोजतात. त्यांनी शेरे तपासले होते: शंभर शब्दांत 'बहुतेक' चारदा, आधीही आणि नंतरही. असा बहुतेकवाला गावात दुसरा मिळणं कठीण, असं त्यांनी खाली लिहिलं होतं.

"म्हणजे एकच माणूस," भाची खाली बसली. "बुडाला माझा प्रबंध. पण मग एकशे तेरावर झालं काय त्याला?"

मी आमच्या ह्यांना स्पीकरवर फोन लावला. ते वैद्यकीय महाविद्यालयात डोळ्यांचे विकार शिकवतात.

"अहो, एक माणूस आहे, त्याचं अक्षर दहा-अकरा वर्षं मोठं होत गेलं."

"पेशंट आहे माझ्यासमोर. जेवायला बोलू."

"काठीवरचे आकडेही पाच-दहाचेच लिहायला लागला."

"काठीवर दर पाचाला रेघ ठळक असेल."

"आहे," भाची ओरडली.

"मग?" आता हे पेशंटला विसरले होते.

"मग एका दिवसात सगळं पहिल्यासारखं."

पलीकडून असं हसू आलं की तो पेशंट बहुतेक पळाला असावा. "अगं, चष्मा मिळाला त्याला!"

भाची झडप घालावी तशी संगणकाकडे वळली. "आत्या, एकशे तेरावरचा पहिला शेरा ऐक. 'काठीवर मधल्या रेघाही आहेत.' मी म्हणत होते, नवा माणूस, काठी पहिल्यांदाच बघतोय!"

"जुनाच गं. त्याला त्या परत दिसल्या."

ती टेबलावर थापा मारत सुटली. सरासरींनी मला चक्क मिठी मारायला हात पुढे केले आणि वेळेत आवरले. मग त्यांनी आलेखाचे दोन्ही कडेचे भाग हातांनी झाकले.

"बघ. कड्याजवळचे एवढेच सहा ठिपके दाखवलेस तर दोन माणसं सिद्ध. आज पास होशील."

"आणि बाकीचे ठिपके कुठे ठेवू सर, उशीखाली?"

"विचारून पाहिलं," सरासरी म्हणाले. ते भलतेच खूश दिसले.

तीनला तिनं अख्खा आलेख समितीपुढे पसरला. भिंग माझं, म्हणून मलाही आत बसवलं होतं.

"चार वर्षं मी दोन माणसं म्हणत होते. एकच आहे. माझी चूक झाली."

परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग नोंदणी चालू कशासाठी ठेवायची?"

भाचीनं चढ दाखवला, कडा दाखवला, शेवटचे अंक दाखवले. चष्म्यापाशी आली तेव्हा तिचा आवाज चिरकत होता, हात हवेत होते.

"चष्मा केव्हा मिळाला ते सांगता येईल?" बाईंनी विचारलं.

"सोमवार आणि मंगळवारच्या सकाळच्या मध्ये."

समितीतले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक तोवर डुलक्या घेत होते. ते ताडकन उठले. "एक मिनिट! या विहिरीची आकडेवारी आम्ही वीस वर्षं वापरतोय! पाणी पायरीपायरीनं उतरतं यावर माझे तीन शोधनिबंध आहेत!"

"पायऱ्या कोणत्या वर्षांतल्या, सर?"

त्यांनी वर्षं सांगितली. भाचीनं आलेखावर बोट ठेवलं. चढाचा शेवट, जिथे त्याला पाच-दहाच्याच रेघा दिसत होत्या.

"अरे देवा," प्राध्यापक म्हणाले, आणि खुर्ची तिच्या शेजारी ओढली. "कोणत्या आकड्यावर किती विसंबायचं, हे पानागणिक सांगू शकशील?"

"प्रत्येक पानाचं."

"नाव बदला, प्रबंध नव्यानं लिहा," बाई म्हणाल्या. "नोंदणी राहील. वर्षाची मुदत देते."

"आठ महिन्यांत आणते!"

बाहेर तिच्या मैत्रिणी पडलेल्या चेहऱ्यानं थांबल्या होत्या. पुन्हा लिहायचंय हे आधीच फुटलं होतं. त्यांना काही सांगायला तिला सवडच नव्हती. प्राध्यापक मागोमाग आले होते, सत्त्याऐंशीव्या पानाचं विचारत होते, आणि ती त्या मधल्या बोळातच फरशीवर आलेख पसरून गुडघ्यांवर बसली होती.