लगेजचा डबा हिरवा

"खोटं बोलतेय ती पाटी," नर्मदा म्हणाली आणि सोनचाफ्याच्या टोपलीवरचं ओलं फडकं तिनं नीट केलं.

नालासोपाऱ्याच्या फलाटावर नवी पाटी लागली होती. येणाऱ्या गाडीचा कुठला डबा किती भरलाय ते ती रंगांत दाखवायची. भरलेला लाल, रिकामा हिरवा. टोपल्यावाल्या बायका ज्यात बसतात तो लगेजचा डबा हिरवागार होता.

"आई, डब्याखाली वजनाचं मशीन असतं. त्यावरून कळतं," अंधेरीला ऑफिसात निघालेली सून हेमांगी म्हणाली.

"मग बरोबर. फुलांचं वजन ते काय?"

"आणि बायकांचं?"

"आमच्यातल्या कुणाच्या अंगावर मांस आहे गं?"

संशय घ्यायला नर्मदाला निमित्त लागत नसे. टेम्पोवाल्याच्या काट्यावर तिचा संशय, डोळ्यांच्या डॉक्टरवर संशय, सुनेवर तर होताच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे ती महिनाभर घरी बसली, तेव्हापासून हेमांगीनं एकच टुमणं लावलं होतं. आपल्या गास गावात दारात टेम्पो येतो, त्याला फुलं द्या, दादरच्या फुलबाजारापर्यंत कशाला धडपडता? आता डबा रिकामा दाखवणारी ही पाटीही सुनेच्याच बाजूची निघाली.

गाडी थांबते जेमतेम. भरलेली टोपली एकटीला चढवता येत नाही, आतून कुणीतरी हात द्यावा लागतो. विरारहून बसून येणारी हंसा वर्षानुवर्षं तो हात देत आली होती. ऑपरेशननंतर बघायला आली तेव्हाही म्हणाली होती, "टेम्पोला एक फूल देनार नाय मी. तू ये गो, मी हाय." हंसा नसली तर आपलंही दादर संपलं, हे नर्मदाला पक्कं ठाऊक होतं. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की ती भांडायची.

"आई, एक सांगू? हंसामावशी..."

"तू नको सांगूस. गाडी येऊ दे."

गाडी आली. लगेजच्या दारात कुणी नव्हतं. आतही कुणी नव्हतं. नर्मदा जागची हलली नाही.

हेमांगीनं पर्स पाठीवर ढकलली आणि कडक इस्त्रीच्या कुर्त्यानिशी टोपलीला खालून हात घातला. "उचला आई, लवकर." टोपली वर गेली, मागोमाग नर्मदा चढली.

"हंसामावशीपण टेम्पोला देतात आता," हेमांगी खालून म्हणाली. "तुम्हाला सांगायला तोंड नाही म्हणाल्या."

"देऊ दे. गुडघे गेलेत तिचे," नर्मदा म्हणाली. "तू पळ, तुझा डबा सुटेल."

हेमांगी लेडीजकडे धावली. गाडी हलली. दाराजवळची खिडकी हंसाची असायची. अख्खा डबा मोकळा होता, तरी नर्मदा ती जागा सोडून पलीकडे बसली.