दाजींची माया

"अवं, त्वांड शिवलंय का तुमचं? सांगा की माज्या भावाला, ज्ञानूला!" भाकरी थापता थापता रतनबाई नवऱ्यावर कडाडली.

चिमाजी पटका बांधत होता. आंबवड्याच्या देवळामागं विहीर पाडायचा मक्ता भोर संस्थानचा कारकून आज देणार होता. जो सगळ्यांत कमी पैसा मागंल, त्याला. आन तिथं हातभर मातीखाली काळा फत्तर होता, हे फक्त या नवरा-बायकोला ठाऊक. शेजारच्याच आपल्या वावरात त्यांनी कुंपणाआड विहीर खणायला घेतली होती. पहारी वाकल्या, तशी लोक हसतील म्हणून बुजवून वर नाचणी पेरली.

"सांगू? म्हंजी गावभर हसं? तू जर बोललीस, तर माहेरची वाट बंद. ध्यानात ठेव."

ज्ञानू आपल्या गावाहून, पालीहून, थेट चावडीवर आला. चिमाजीनं नावापुरती एक चढी बोली केली नि गप बसला. गावचाच गडी मागं सरतोय म्हटल्यावर बाकीच्या शहाण्यांनी काढता पाय घेतला. ज्ञानूला मात्र भरून आलं. दाजींनी मेव्हण्यासाठी हात आखडला, असं वाटलं त्याला! भोळं ते भोळंच. खाली मऊ मुरूमच असंल असं धरून त्यानं पडेल बोली केली, पावसाआधी विहीर पुरी करायच्या हमीवर तारणाला बैलजोडी लिहून दिली.

रतनबाई कळशी घेऊन चावडीच्या आडोशाला उभी होती. शब्द ओठापर्यंत आला नि तिनं गिळला. जळो मेला बाईचा जन्म!

उन्हाळाभर फत्तर वाजला. चुलीपुढं बसलेल्या रतनबाईला घाव न् घाव ऐकू यायचा. मुदत सरली तेव्हा खड्डा जेमतेम कमरेएवढा होता. संस्थानच्या शिपायांनी बैल भोरला हाकत नेले.

भाऊबीजेला ज्ञानू पाटावर बसला. हातांवर अजून घट्टे. ताटात त्यानं झेंडूचं एक फूल टाकलं.

"आक्का, औंदा एवढंच. दाजींनी बिचाऱ्यांनी माज्यासाठी मक्ता सोडला, पर माजंच नशीब फुटकं. भुईच्या पोटातलं कुणाला ठावं? तुला ठावं असतं, तर तू सांगितलंच असतंस की."

ओसरीवर सुपारी कातरणाऱ्या चिमाजीचा अडकित्ता थांबला.

रतनबाईनं निरांजन खाली ठेवलं. डोळे भरून आले ते तिनं वातीच्या धुरावर ढकलले.

"व्हय रं बाबा," ती म्हणाली, "सांगितलंच असतं."