सातवा भाग

वेणीमाधवराव मोघे महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले, पण वर्गीकरणाची सवय काही सुटेना. उत्तरेतल्या हिंदी मुलखात, दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरात संगणकापुढे बसून त्यांनी 'श्रवणसूची' नावाची वेबसाइट उभी केली. पॉडकास्ट कसा करावा, कुठे ठेवावा, नवा भाग आला की ऐकणाऱ्याला आपोआप वर्दी देणारी फीड कशी जोडावी, हे शिकवणारं इंटरनेटवर जे जे सापडेल ते शोधायचं, तपासायचं आणि योग्य विभागात टाकायचं. बारा वर्षांत नऊशेवर दुवे जमले. शेवटचा विभाग होता 'वर्ज्य'. कुणी फिरकू नये असे दुवे त्यात, प्रत्येकाखाली कारण. लोक सूची उघडतात ते बहुधा ही कारणं वाचायलाच, हे रावांना ठाऊक होतं. ते ती चवीने लिहीत.

नदीकाठच्या भोसले घाटाजवळची बकुळ प्राथमिक शाळेत शिकवायची. तिने पॉडकास्ट करायला शिकवणारे अकरा भाग स्वतःच्या आवाजात तयार केले, इथल्या घराघरांत बोलतात तशा हिंदीमिश्रित मराठीत, आणि सोबत लेखी प्रतही ठेवली. सूचीत जागा द्याल का, असं विचारायला ती घरी आली. रावांनी बघतो म्हणून सांगितलं. जाताना ती स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोशी, नंदाबाईंशी, नेहमीसारखी बराच वेळ बोलत बसली.

रावांनी लेखी प्रत वाचली. ऐकण्यात वेळ घालवला नाही. दुसऱ्या दिवशी बकुळचे अकराही भाग 'वर्ज्य'मध्ये गेले. खाली पाच वाक्यं उतरवून त्यांनी एकेकाची चिरफाड केली होती. चौथं वाक्य असं : 'फीड जोडून ठेवली की रोज रोज डोकावून बघायला नको, नवीन आलं की ती खुद सांगते.' शेवटी शेरा होता : 'जिला मराठी येत नाही, तिने ती आधी शिकावी, मग लोकांना शिकवावं.'

गणपतीत इथली मराठी मंडळी उत्सवाच्या दालनात जमली तेव्हा कुणीतरी फोनवरून तो मजकूर मोठ्याने वाचला. 'खुद सांगते'वर दालनभर हशा पिकला. रावही हसले. बकुळ त्याच दालनात खिरापत वाटत होती. तिने उरलेली ओळ वाटून संपवली, ताट खाली ठेवलं आणि चपला घालून निघून गेली. तिसऱ्या दिवशी तिने अकराही भाग काढून टाकले. रावांनी नोंदीपुढे 'बंद' लिहून तारीख घातली.

त्या दिवशी जेवताना नंदाबाई म्हणाल्या, "चौथं वाक्य माझं होतं."

रावांना कळेना.

"सातव्या भागात ती मला विचारते आणि मी सांगते. तुम्ही ऐकलं असतंत तर ओळखलं असतंत."

 सवयीने रावांच्या तोंडून निघून गेलं, "एकेचाळीस वर्षं सांगतोय, खुद नव्हे, स्वतः."

नंदाबाईंनी ताक वाढलं. त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी हिंदीत बोलू लागल्या. 'खाना लग गया', 'दवा रखी है', एवढंच. शेजारणींशी, मुलीशी फोनवर, देवापुढे त्यांची मराठी होती तशीच होती. चार दिवसांत राग उतरेल, असं रावांनी धरलं. मग दिवाळी गेली. माफी मागावी असं एकदोनदा मनात आलं, पण ती कोणत्या शब्दांत मागायची तेच त्यांना सुचेना. जानेवारीच्या थंडीत एका सकाळी नंदाबाई देवघरासमोर कोसळल्या आणि दवाखान्यात पोचण्याआधीच गेल्या.

तेरावा झाल्यावर रावांना त्यांचा आवाज ऐकावासा वाटला. फोनमध्ये काही नव्हतं. मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओवर सनई चढवलेली. मग सातवा भाग आठवला. हरवलेले दुवे हुडकण्यात त्यांचा हातखंडा होता. आठवडाभर त्यांनी इंटरनेटवरची जुन्या पानांची सगळी कोठारं उपसली. लेखी प्रत तीन ठिकाणी मिळाली. आवाज कुठेच नाही.

शेवटी ते भोसले घाटावर बकुळकडे गेले. तिने पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. नोंद काढून टाकली, जाहीर माफीही लिहितो, असं राव सांगत होते.

"तो भाग आहे का तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आहे, काका."

"मला दे. पाया पडतो तुझ्या."

 बकुळ म्हणाली, "देणार नाही. नंदामावशी दिवाळीत आल्या होत्या. म्हणाल्या, तो भाग तुझ्याकडे राहू दे, पण यांच्या हाती देऊ नकोस. ते तोही तपासतील."

"ती नाही आता, बकुळ."

"म्हणूनच."

राव उठले. जिन्यावर त्यांचा तोल गेला तेव्हा तिने हात धरून त्यांना खाली गल्लीपर्यंत पोचवलं, आणि परत वर गेली.

होळीनंतर बकुळने सगळं पुन्हा चढवलं. सातवा वगळून दहा भाग. राव आता एकेक भाग कानाला लावून ऐकू लागले. मागे कुठे नंदाचा खोकला, बांगडीचा आवाज, एखादा हुंकार लागतो का, म्हणून तीन-तीन वेळा ऐकले. काही लागलं नाही. बाकीचे भाग बकुळने एकटीने बसून केले होते.