नवस शेळीनं केला नव्हता

मी दहिवलीच्या शिवारातला उंबर. आज बोलतोय ते येसूबाईच्या नवसाबद्दल. तिची बुधी तान्ही असताना तापानं फणफणली. येसूबाईनं माझ्या बुंध्याला हळदकुंकू लावलं आणि दत्तमहाराजांना सांगितलं, "माजी पोर उठू दे. या उंबराच्या पाल्याला जन्मात कोयता लावनार नाय."

बुधी उठली. येसूबाईनं शब्द पाळला. पुढं तोच शब्द तिला जड झाला.

माहेरहून तिला आंदण मिळालेली तांबू नावाची शेळी होती. एका चैत्रात ती व्याली, दोन करडं झाली. बांधावरचं गवत जळून गेलेलं, आपटे-पांगारे उघडेबोडके. नुसत्या पेंढ्यावर तांबूचं दूध आटलं. करडं वाढेनात, त्यांच्या फासळ्या मला इथून दिसायच्या. आणि मी मात्र कोवळ्या पाल्यानं भरलेला, त्यांच्यासमोरच उभा.

"करडं जगायची नाय," तिचा नवरा चांगो म्हणाला. "उंबराचा पाला उतरवू दे, नायतर उद्या तिघांनाबी शिळफाट्याच्या बाजारात नेतो."

"शेळी माजी, शब्दबी माजा. कुनाला सोडू?" म्हणून ती माझ्याखाली येऊन बसली. अगं घे, असं मला किती वाटलं! पण तेव्हा मला वाचा कुठली?

तेवढ्यात तिची सासू मोतीबाई तांबूचं दावं धरून आली, मागोमाग चांगोही.

"काय गं, नवस कुनी केला?"

"मी."

"मग शेळीनं काय केलाय?" आणि म्हातारीनं दावं सोडलं.

तांबू माझ्या बुंध्यावर पुढचे पाय टेकून उभी राहिली आणि खालचा पाला ओरबाडू लागली. येसूबाई हसता हसता रडली. "देवाला फसवल्यावानी वाटतंय, आत्याबाय."

"कोयता लावलास? नाय ना? मग चांगो, बघतोस काय, फांदी वाकव."

तेव्हापासून चांगो रोज एक फांदी वाकवून धरी. निम्मा पाला खाऊन झाला की येसूबाई ती सोडायला लावी, उरलेला माझा. तांबूला दूध उतरलं. पावसाच्या तोंडावर करडं बांधावरून उड्या मारत होती. बाजाराचं नाव पुन्हा निघालं नाही.

तरी येसूबाईच्या मनाची रुखरुख जाईना. ज्येष्ठात घरात फणस फोडला, तेव्हा भाजायच्या आठळ्यांतली एक तिनं माझ्यापाशी आणली. "आता दरसाल एक आठळी बांधावर लावीन," ती म्हणाली. फणस उन्हाळ्यातही हिरवा राहतो आणि शेळ्या त्याचा पाला आवडीनं खातात, हे तिला ठाऊक होतं.

येसूबाई आता नाही. माझंही खोड पोकळ झालंय, पालवी विरळ येते. पण बांधावर फणसांची रांग उभी आहे. बुधी माहेरी आली की त्यांचा पाला काढते, निम्मा झाडावर ठेवते, आणि जाताना माझ्या बुंध्याला हात लावते.

तुम्हीही माझ्यापाशी काही मागायला याल. जरूर या. फक्त घरी आठळ्या भाजाल तेव्हा त्यांतली एक मागं ठेवा आणि बांधावर लावा, बायांनो. कुणाची तरी तांबू घरी राहील.